ग्रुप कुठे काढायचा, भाऊ?

नागपुरात चार माणसं कुठल्याही कामासाठी एकत्र आली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ग्रुप काढ ना भाऊ." काम नेमकं काय, ते करणार कोण, पैसे कुठून येणार, हे सगळं मागाहून. आधी ग्रुप, मग त्याला नाव, मग नावाशेजारी संत्र्याचा नाहीतर झीरो माइलचा फोटो. अपार्टमेंटचा टँकर, गणपतीची वर्गणी, शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर, सगळ्यांची सुरुवात अशीच. आमचीही तशीच झाली. आम्ही मुक्त (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता येणारे प्रोग्रॅम, मराठीत आणण्याचं काम करतो. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस अशा प्रोग्रॅममधल्या मेनूंतली, बटणांवरची, एरर आल्यावर दिसणारी वाक्यं मराठीत लिहायची, दुसऱ्यानं लिहिलेली तपासायची, शुद्धलेखन तपासणीच्या शब्दयादीत भर घालायची. पगार नाही, ऑफिस नाही, नोंदणी नाही. येईल तो आपला. प्रत्यक्ष काम पाँटून आणि वेबलेट या भाषांतराच्या वेबसाइटींवर होतं, पण त्याबद्दल बोलायचं कुठे? तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर.

माणसं वाढली तसा तो ग्रुप कामाचा राहिला नाही. कुणीतरी लिहायचं की कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या हिशेबाच्या तक्त्यांत, एका बटणावरचा मजकूर अर्धवट कापला जातोय, सोबत स्क्रीनशॉट. त्याखाली एकादशीच्या शुभेच्छा. त्याखाली कुणाच्या तरी आजोबांच्या निधनाची बातमी आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग. स्क्रीनशॉट वर सरकला तो सरकलाच. काही दिवसांनी दुसराच कुणी तोच स्क्रीनशॉट नव्या उत्साहानं टाकायचा, आणि ज्यांना पहिला आठवत होता ते उत्तर द्यायचा कंटाळा करायचे.

मग एका रविवारी बजाजनगरात तर्री-पोहे खाताना विषय निघाला की आता नीट जागा शोधू. पोहे संपायच्या आत चार पक्ष तयार झाले, प्रत्येकाचं चॅटचं ॲप वेगळं.

"डिस्कॉर्ड," व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजातला पोरगा म्हणाला. "ताई, सगळे पोट्टे तिथंच पडून राहतात. त्यांना अजून कुठं बोलवायचं कायले?"

वीज मंडळातून निवृत्त झालेले आमचे एक काका आहेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मले नवीन ॲप घ्यायले लावू नका. जे चालून राहिलं, ते चालू द्या ना."

परसोडीच्या आयटी पार्कात नोकरी करणारे आम्ही दोघं-तिघं स्लॅक या ऑफिसांतल्या चॅटच्या बाजूनं, कारण दिवसभर बोटं त्यातच असतात. आणि एक कट्टर मुक्तवादी, ज्यानं पोह्यांवरची तर्रीसुद्धा बाजूला सारली होती, तो म्हणाला, "मुक्त सॉफ्टवेअरचं काम करता आणि बोलायला दुसऱ्याची बंद पेटी? मॅट्रिक्स, नाहीतर आयआरसी. बाकी सगळं ढोंग आहे बे."

चौघंही आपापल्या जागी बरोबर होते, हीच तर पंचाईत. प्रत्येक जण सांगत होता, मला कुठे बरं पडतं. मला त्या सकाळी आठवत होती ती काटोलकडची एक शिक्षिका, जी पोहे खायला आलीच नव्हती, कारण ती ग्रुप सोडून गेली होती. मराठी उत्तम, तपासणी काटेकोर, रोज रात्री जेवणं आटोपली की तासभर काम करायची. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आलं की आपला नंबर सगळ्या सभासदांना दिसतो, ही ॲपची रचनाच आहे. ग्रुपमधल्याच एकानं तिचा नंबर सेव्ह करून घेतला. आधी "छान काम करता मॅडम", मग सकाळ-संध्याकाळ फुलांची चित्रं, मग रात्री फोन. तिनं तक्रार केली नाही, भांडली नाही. ग्रुप सोडला, कामही सोडलं. आम्हाला हे कळलं ते दुसऱ्या कुणाकडून तरी, बऱ्याच उशिरा. त्या गृहस्थाला काढून टाकलं, पण गेलेलं माणूस काही परत आलं नाही.

तेव्हापासून माझी कसोटी बदलली. जो आत बसलाय त्याची सोय तो स्वतः बघतो, शिवाय तोंडानं सांगतोही. जो अजून आलेला नाही, किंवा येऊन गेला, त्याची बाजू मीटिंगमध्ये मांडायला कुणी नसतं. ओपन सोर्स समुदायाला तर अशा न आलेल्या माणसांवरच जगायचं असतं. आजचे काम करणारे उद्या नोकरी बदलतात, लग्न करतात, पुण्याला जातात. (पुण्याला गेलेला नागपूरकर परत येतो म्हणतात. मी अजून पाहिलेला नाही.)

या दृष्टीनं आयआरसी या जुन्या चॅटचं मला कौतुक वाटतं. १९८८ मध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यानं ते लिहिलं. फोन नंबर नाही, फोटो नाही, एक टोपणनाव घ्यायचं आणि चॅनेलमध्ये, म्हणजे गप्पांच्या एखाद्या खोलीत, शिरायचं. साधा मजकूर असल्यामुळे अगदी मरतुकड्या कॉम्प्युटरवर आणि रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवरही चालतं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, ते सोपं जातं. मुक्त सॉफ्टवेअरच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. पण त्याचा स्वभाव पानठेल्यासारखा. तुम्ही तिथे उभे आहात तोवर बोलणं तुमचं, घरी गेलात की मागे काय झालं ते दुसऱ्याला विचारा. मागचं वाचायचं तर कायम जोडलेलं राहणारं वेगळं सॉफ्टवेअर चालवावं लागतं. ते लावता येणारा माणूस मुळात आपल्या मदतीचा गरजू नसतोच. आणि टोपणनावाच्या आड जसा लाजाळू माणूस येतो, तसा शिव्या घालणाराही येतो.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला हेच नडलं. वीसहून जास्त वर्षं त्यांचा स्वतःचा आयआरसी सर्व्हर होता. २०१९ मध्ये त्यांनी ठरवलं की आता पुरे, आणि मॅटरमोस्ट, मॅट्रिक्स, रॉकेट चॅट आणि स्लॅक असे चार उमेदवार उघडपणे तपासले. ओळख पटवून आत येणं, उपद्रवी माणसाला आवरता येणं, अपंगांना वापरता येणं, हे त्यांचे निकष. डिसेंबर २०१९ मध्ये मॅट्रिक्स ठरलं आणि मार्च २०२० मध्ये जुना सर्व्हर बंद झाला. मला यातला निकाल महत्त्वाचा वाटत नाही. निकष आधी लिहून मग उमेदवार बघितले, हे आवडलं. आम्ही बजाजनगरात नेमकं उलटं करत होतो.

पानठेल्याच्या मालकीचाही प्रश्न असतो. फ्रीनोड हे तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं आयआरसीवरचं सगळ्यात मोठं जाळं होतं. उबंटू, विकिमीडिया अशा मोठमोठ्या प्रकल्पांचे चॅनेल तिथे होते. मे २०२१ मध्ये त्याच्या ताब्यावरून वाद पेटला. वर्षानुवर्षं फुकट राबणाऱ्या स्वयंसेवक कर्मचाऱ्यांनी सामूहिक राजीनामा दिला आणि लिबेरा चॅट नावाचं नवं जाळं उभारलं. फ्रीनोडवरच्या ज्या चॅनेलांनी आपल्या पाटीवर "आम्ही लिबेराला गेलो" असं लिहिलं, त्यातली शेकडो चॅनेल नव्या व्यवस्थापनानं सरळ ताब्यात घेतली. पुढच्याच महिन्यात नवं सॉफ्टवेअर बसवताना जुन्या नोंदण्याही पुसल्या. म्हणजे प्रोटोकॉल (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायचे नियम) खुला, सर्व्हरचं सॉफ्टवेअर खुलं, माणसं आपली, तरी चॅनेलचं नाव मात्र दुसऱ्याच्या हातात. आमच्या मुक्तवादी मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण दोन दिवसांत सगळे दुसरीकडे उभे राहिले ना! स्लॅकवर असते तर राहिले असते का?" हे त्याचं खरं होतं. लिबेराला जायला कुणाला नवीन ॲप घ्यावं लागलं नाही, पत्ता बदलला की झालं.

स्लॅकचा माझा पक्ष मग मीच सोडून दिला. स्लॅक वाईट आहे म्हणून नव्हे, उलट ते फार गुळगुळीत चालतं. पण फुकटातल्या गिऱ्हाइकाला किती आठवण ठेवू द्यायची, हे ते ठरवणार. आधी शेवटचे १०,००० मेसेज दिसायचे, सप्टेंबर २०२२ पासून ९० दिवसांचे दिसू लागले, आणि २०२४ पासून फुकट खात्यातलं वर्षाहून जुनं सगळं कायमचं पुसायला लागले. कंपनीला यात दोष कसा देणार? तिचा धंदा आहे तो, आणि नियम तिनं लपवलेले नाहीत. आमचं काम मात्र असं की आज घेतलेला एखादा निर्णय, म्हणजे अमुक ठिकाणी आज्ञार्थ वापरायचा की विनंतीचं क्रियापद, तो दोन वर्षांनी कुणीतरी विचारणारच. ९० दिवसांत तर आमचं एक सॉफ्टवेअरसुद्धा तपासून होत नाही. पैसे भरून घ्यावं म्हटलं तर दरमाणशी दर, आणि आमच्यात निम्मे कॉलेजातले.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. कुबरनेटीससारख्या अवाढव्य ओपन सोर्स प्रकल्पाला स्लॅकची पूर्ण सेवा सवलतीत मिळत होती. जून २०२५ मध्ये त्यांना कळलं की काही दिवसांत ती काढून साध्या फुकट योजनेवर टाकलं जाणार. धावपळ सुरू झाली, पर्याय शोधले गेले, आणि मग कंपनीनं निर्णय मागे घेतला. शेवट गोड झाला म्हणायचं. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांना असा गोड शेवट मिळाला नव्हता. २००२ पासून ते कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कामाला बिटकीपर नावाचं कोडमधले बदल नोंदवणारं एका कंपनीच्या मालकीचं सॉफ्टवेअर फुकट परवान्यावर वापरत होते. २००५ मध्ये तो परवाना गेला, आणि लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यानं त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या जागी गिट लिहायला घेतलं. आज सगळं जग गिट वापरतं. पण आमच्यात कुणी लिनस नाही, आणि परवाना गेल्यावर रागाच्या भरात नवं चॅट सॉफ्टवेअर लिहिणं काकांच्या वयाला झेपणारं नाही.

डिस्कॉर्डवर मी फार वेळ घालवणार नाही. पोट्टे तिथे आहेत हे खरं, आवाजी गप्पांची सोय झकास आहे, आणि फोन नंबर इतरांना दिसत नाही हा मोठाच फायदा. अडचण एकच. तिथलं बोलणं खातं उघडून आत गेल्याशिवाय वाचता येत नाही आणि गूगलला सापडत नाही. वाशिममधल्या एखाद्या मुलीला लिब्रेऑफिसचं मराठी शुद्धलेखन चालेना म्हणून तिनं शोधलं, तर आमच्याकडे उत्तर असूनही तिला ते कधीच दिसणार नाही. माझ्या कसोटीवर तिथेच ते नापास.

मॅट्रिक्सचं मात्र मनापासून वाईट वाटलं. कल्पना म्हणून ते सगळ्यात सुंदर आहे. २०१४ मध्ये सुरू झालेला खुला प्रोटोकॉल, कुणीही आपला सर्व्हर चालवावा, एका सर्व्हरवरच्या माणसानं दुसऱ्या सर्व्हरवरच्याशी बोलावं, एक बंद पडला तर बाकीच्यांकडे संभाषणाची प्रत असावी. फ्रान्सच्या सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी त्यावर चॅप नावाचं ॲप केलंय, गिटर ही प्रोग्रॅमरांची जुनी चॅट सेवाही २०२३ मध्ये त्यावरच आली. पण आपल्याकडे मे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं १४ मोबाइल ॲप्सवर बंदी घातली. जम्मू-काश्मीरमधले दहशतवादी ती वापरतात असं कारण दिलं गेलं. त्या यादीत ब्रायर, थ्रीमा यांच्या जोडीला एलिमेंटही होतं. एलिमेंट म्हणजे मॅट्रिक्स वापरणाऱ्या बहुतेकांचा त्यातला दरवाजा. प्रोटोकॉलवर बंदी नव्हती, दुसऱ्या ॲपनं त्याच खोल्यांत जाता येतं, हे सगळं मला समजतं. पण हिंगण्याच्या पॉलिटेक्निकमधल्या मुलाला पहिल्याच दिवशी "एलिमेंट नको, त्याचं असं झालं, तू दुसरं ॲप घे, मग सर्व्हर निवड, मग ही किल्ली जपून ठेव" असं सांगायला लागलं, की तो "हो ताई" म्हणतो आणि परत दिसत नाही. मेसेजांना कुलूप असतं आणि त्याची किल्ली हरवली की जुने मेसेज उघडत नाहीत, हा प्रकार तर त्याला भानामतीसारखाच वाटतो.

शिवाय सर्व्हर चालवणार कोण? काकांनी मोठ्या मनानं मानेवाड्यातल्या घरचा जुना कॉम्प्युटर देऊ केला. "चोवीस तास चालू ठीवतो ना मी." काकांचा उत्साह खरा होता, पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की आमच्या शहरात कूलरच्या पंपाला नीट वीज मिळाली तरी पुष्कळ. ज्या खोलीत काकू दुपारी पाय ठेवत नाहीत, तिथे सर्व्हर कसा टिकणार? भाड्याचा सर्व्हर घेतला तरी अपडेट कोण करणार, बॅकअप कोण घेणार, रात्री दोनला बंद पडला तर उठणार कोण? स्वतःचं घर असावं हे बरोबर आहे, पण घराला झाडू मारणारा माणूस आधी ठरवावा लागतो. आमच्याकडे तो नव्हता. नाही म्हणायलाही धैर्य लागतं, विशेषतः समोर मुक्तवादी बसला असेल तर.

या सगळ्यात जी गोष्ट कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात मला सापडली नाही, ती आपल्या लिपीची. माझं पोटापाण्याचं काम टेस्टिंगचं, त्यामुळे हा भाग मी अंगावर घेतला. एका रिकाम्या चॅनेलमध्ये मी "दुसऱ्या बटणावरचा मजकूर" असं वाक्य टाकलं, दोन वेगवेगळ्या कीबोर्डवरून. पडद्यावर दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या. मग "दुसऱ्या" शोधलं. एकच सापडली. दुसरी डोळ्यांसमोर ढळढळीत दिसत होती आणि शोधयंत्र म्हणत होतं, नाही. कारण असं की आपला हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ज्या पद्धतीनं अक्षरं साठवतो तिच्यात, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य सांधणारं चिन्ह. कीबोर्ड बनवणाऱ्यानं जी तऱ्हा घेतली ती आपल्या मेसेजात उतरते, आपल्याला पत्ताही नसतो. "ॲप"मधल्या पहिल्या अक्षराचंही तसंच, त्याचीही दोन रूपं फिरत असतात. हा दोष कुण्या एका सॉफ्टवेअरचा नाही. दोन्ही रूपं एकच आहेत, हे मुद्दाम शिकवल्याशिवाय कुठल्याच शोधयंत्राला कळत नाही.

त्यात भर आमच्या सवयींची. निम्मी मंडळी मराठी रोमन लिपीत लिहितात आणि त्यातही प्रत्येकाचं स्पेलिंग स्वतंत्र. काका तर व्हॉइस नोट पाठवतात, चार मिनिटांची, त्यात पहिलं मिनिट तब्येतीचं. तो निर्णय शोधायचा कसा? मराठी सॉफ्टवेअरसाठी झटणाऱ्यांचं स्वतःचं बोलणं मराठीत शोधता येत नाही, याची मला आधी गंमत वाटली आणि मग चीड आली. तेव्हा शोधण्यावर भिस्त ठेवायची नाही, बोलतानाच ते कप्प्यांत पडलं पाहिजे, असं माझं मत पक्कं झालं.

आणि त्यामुळेच मी झुलिपकडे वळले. २०१२ मध्ये सुरू झालेलं, २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्सनं विकत घेतलेलं, २०१५ मध्ये ओपन सोर्स झालेलं हे चॅट. रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर काम करणाऱ्यांचे आणि लीन या गणिती सिद्धतांच्या भाषेचे समुदाय त्यावर बोलतात. त्यात चॅनेलच्या आत प्रत्येक मेसेजला एक विषय द्यायचा असतो. "कॅल्क: बटणाचा मजकूर कापला जातो" हा एक विषय. त्यात आज तीन मेसेज, पुढच्या महिन्यात दोन, दिवाळीनंतर एक. मध्ये कितीही शुभेच्छा येवोत, त्या त्यांच्या विषयात. विषय संपला की "सुटला" अशी खूण करून ठेवायची. आठवडाभर गैरहजर राहिलेल्यानं विषयांची यादी बघावी, लागतील ते उघडावे, बाकीचे न वाचता वाचलेले करून टाकावेत. हवं ते चॅनेल सगळ्या जगाला खुलं करता येतं, खातं नसलेल्यालाही ते वाचता येतं. फोन नंबर मागत नाही. ओपन सोर्स प्रकल्पांना त्यांच्या सर्व्हरवर फुकट जागा मिळते, आणि उद्या बिनसलं तर सगळा दस्तऐवज घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर तेच सॉफ्टवेअर बसवता येतं. मुक्तवादी मित्र याच शेवटच्या मुद्द्यावर राजी झाला. तरी पाय आपटतच. "घर भाड्याचं आहे, पण सामान आपलं," असं त्यानं स्वतःला समजावलं.

अडचणी आहेतच. विषय देण्याची सक्ती नव्या माणसाला जाच वाटते. पहिले काही आठवडे "हॅलो", "टेस्ट", "कोणी आहे का" अशा नावांचे विषय उगवत होते आणि आम्ही मागून जाऊन ते योग्य जागी हलवत होतो. व्हीएनआयटीच्या पोराला ते ऑफिसात बसल्यासारखं वाटतं. "इथं टाइमपास करता येत नाही ताई," हा त्याचा आक्षेप, आणि तो हलका नाही. माणसं कामासाठी येतात पण टिकतात ती टाइमपासमुळे. त्याच्यासाठी एक चॅनेल वेगळं ठेवलंय. तिथे सध्या बर्डी मेट्रो स्टेशनजवळचा सगळ्यात चांगला समोसा कुठला, यावर कामापेक्षा जास्त अभ्यासपूर्ण चर्चा चालू आहे. आमच्यातला एक जण एनव्हीडीए स्क्रीन रीडर वापरतो. त्याला कीबोर्डच्या शॉर्टकटांनी सगळीकडे फिरता येतं का, हे आम्ही त्यालाच तपासायला दिलं. त्याचा शेरा "चालते, पण शिकावं लागते" असा आला. तो मी निकालापेक्षा जास्त जपून ठेवलाय.

व्हॉट्सॲप बंद केलं नाही. ते बंद होत नसतं, नागपुरात तर नाहीच. तिथे आता फक्त ॲडमिन लिहितात: रविवारी कुठे भेटायचं, कुणाला रक्त हवंय, कोणत्या भाषांतराची मुदत कधी संपणार. निर्णय तिथे घ्यायचा नाही, हा एकच नियम. प्रत्यक्ष भेटीत ठरलेलंसुद्धा कुणीतरी घरी जाऊन त्या विषयाखाली लिहिल्याशिवाय ठरलं असं धरत नाही. यावर सुरुवातीला भरपूर कुरकुर झाली. "तोंडानं बोललो ते काय खोटं?" असं काकांनी विचारलं. खोटं नव्हतं काका, पण वाशिमच्या मुलीला ते ऐकू गेलं नव्हतं. व्यवस्थापकाचे अधिकार तिघांकडे ठेवलेत, त्यात एक मुलगी असलीच पाहिजे. कुणाचं वागणं खटकलं तर कुणाला सांगायचं, ते पहिल्याच चॅनेलच्या माथ्यावर लिहिलंय, नाव आणि उत्तर किती वेळात मिळेल यासकट. चॅटचं कुठलंही सॉफ्टवेअर हे आपणहून करत नाही.

वाद उरला जुन्या ग्रुपच्या गठ्ठ्याचा. व्हॉट्सॲपमधून सगळं संभाषण एका फाइलीत काढता येतं, ते नव्या जागी ओतू या, असं दोघांचं म्हणणं होतं. फाइल उघडून बघितली तर नावं, नंबर, कुणाच्या घरची दुखणी, कुणाच्या नोकरीची रडगाणी, सगळं त्यात. ही माणसं त्या वेळी जेवढ्यांसमोर बोलली, तेवढ्यांसाठीच बोलली होती. जगासमोर मांडायची परवानगी त्यांनी दिलेली नव्हती, आणि काहींना विचारायलाही आता नंबर उरलेला नाही. म्हणून फाइल कुठेच चढवायची नाही, तिच्यातून फक्त भाषांतराचे निर्णय वेचायचे आणि नावं गाळून नव्यानं लिहायचे, असं ठरलं. हे काम मागून घेतलं काकांनी. "मले येते हे, मंडळात जुन्या फायली हेच तर करत होतो." रोज सकाळी कूलरसमोर बसून ते एकेक महिना चाळतात. आत्तापर्यंत त्यांना आढळलंय की बरेचसे निर्णय आम्ही दोनदोनदा घेतले होते, आणि दुसऱ्या वेळी बहुधा पहिल्याच्या उलट. त्यातला कुठला धरायचा, यासाठी काकांनी परवा पहिल्यांदा स्वतःहून विषय उघडला. नाव दिलंय "कोणतं खरं समजू?" सतरा उत्तरं आलीत आणि अजून एकमत नाही.